काजळी, एकास बहात्तर

संशयी : तुझ्या हाताला दाद द्यायला माझी ना नाही. करंगळीच्या नखाएवढ्या खुर्चीला तू पट्टे लावतोस, पट्ट्यांना बक्कल लावतोस आणि वरून काचेचं झाकण बसवून ते सगळं झाकून टाकतोस. कौतुक आहे. पण यात तुझं काय आहे? खोक्यात भाग नंबर घालूनच येतात. कागदावर छापलेलं असतं, चौदा नंबर पंधराला चिकटवा, पोटाला फिका निळा द्या, पाठीला हिरवा. चित्रकार कोऱ्या कागदापुढे बसतो, त्याची घालमेल मला समजते. तू उत्तरं छापलेली गणितं सोडवतोस. आणि गणितं तरी कसली? या सोलापूर गावाचा नि विमानाचा संबंध केवढा, तर सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी आडवी येते म्हणून वर्षानुवर्षं भांडलो, जून २०२३ मध्ये ती पाडली, आणि गोव्याचं विमान सुटायला जून २०२५ उजाडला. त्या गावात, शुक्रवार पेठेतल्या माडीवर बसून तू १९४० सालचं झीरो नावाचं जपानी लढाऊ विमान रंगवतोस. सरकारलाही तुझं काही पटलेलं दिसत नाही. आयातीच्या यादीत या किटांची जागा बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींच्या शेजारी आहे, शीर्षक ९५०३. त्यावरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६०वर गेलं, २०२३ मध्ये ७०वर. म्हणजे कायद्याने हे खेळणं आहे, आणि महागडं खेळणं आहे.

हौशी : खेळणं म्हणा सर, माझी तक्रार नाही. पैसे भरताना थोडी असते. पण उत्तर आधीच छापलेलं आहे म्हणून काम हलकं, हे निदान सोलापुरात बसून म्हणू नका. चादरीवरचा मोर विणकराच्या मनातून उतरत नाही. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, ते पत्ते जेकार्डवर चढतात आणि माग त्या भोकांच्या हुकमाने चालतो. म्हणून चादर कुणाच्याच हातची नाही असं आपण म्हणत नाही. कुणाची घट्ट, कुणाची ढिली, हे पेठेतली म्हातारी माणसं हात फिरवून सांगतात.

शिवाय छापलेलं उत्तर बरोबर असतं, हाही गैरसमज. एअरफिक्स या किट कंपनीने १९५३ साली पहिलं स्पिटफायर बाजारात आणलं, ते आकारात चांगलंच चुकलेलं होतं. आपल्या हवाई दलाच्या नॅट विमानाचं घ्या. बराच काळ सहज हाती लागायचं ते एअरफिक्सचं नॅट दोन आसनांचं, ब्रिटनच्या रेड ॲरोज या कवायती पथकाच्या लाल रंगातलं. १९६५ साली पाकिस्तानी सेबरच्या मागे लागलेला आपला नॅट एकट्या वैमानिकाचा. दोन आसनी शिकाऊ नॅटचा पंख मोठा, शेपूट मोठी, नाक लांब. कागदाबरहुकूम गेलात तर भारतीय हवाई दलाचं लढाऊ विमान त्यातून निघतच नाही. मग कापाकापी आली, एम-सीलने भरणं आलं, पॉलिश पेपर आला. हल्ली एका चेक कंपनीने नॅटवरून घडवलेल्या आपल्या अजितचं किट काढलं आहे, तेव्हा थोडं सोपं झालं.

आणि माप तंतोतंत पाळलं तरी विमान चुकतं, ही खरी गंमत. पत्र्याच्या जोडाची रेघ मी अगदी बारीक कोरली, समजा ०.२ मिलिमीटर. माप एकास बहात्तर, तेव्हा बहात्तरने गुणा. खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटीमीटरचा चर झाला. असा चर घेऊन विमान उडणार नाही. पण रेघ कोरलीच नाही, तर डोळा म्हणतो हा साबणाचा तुकडा आहे. रंगाचंही तसंच. हवाई दलाच्या डब्यातला अस्सल रंग आणून लावला तरी एवढ्याशा अंगावर तो काळपट दिसतो. लांबून पाहिलेल्या वस्तूचा रंग मधल्या हवेने फिका होतो, तो फिकेपणा मला पांढरा मिसळून आणावा लागतो. किती मिसळायचा, हे कुठल्याही कागदावर छापलेलं नसतं.

संशयी : म्हणजे खरं माप पाळलं तर विमान खोटं दिसतं, हे तूच कबूल केलंस. बरं झालं. मग खोटं कुठे चालवून घ्यायचं आणि खऱ्यासाठी कुठे अडून बसायचं, हे ठरवतं कोण? तू परवा सांगत होतास, झीरोच्या रंगावरून जगभरचे हौशी भांडतात. एक पक्ष म्हणतो राखाडी, दुसरा म्हणतो नाही, त्यात पिवळसर-हिरवट झाक होती, आणि त्या झाकेला एक जपानी नावसुद्धा आहे.

हौशी : आमेइरो.

संशयी : तेच. उरल्यासुरल्या पत्र्याचे तुकडे धुऊन, घासून, भिंगाखाली धरून भांडतात. आता हा झीरो पहिल्यांदा लढाईत उतरला तो १३ सप्टेंबर १९४०ला, चीनमधल्या चुंगकिंगच्या आकाशात. तेरा झीरो होते, त्यांतला एकही पडला नाही. चिनी विमानं मात्र एकामागून एक पडली. त्याच्या आदल्या वर्षी याच चुंगकिंगहून आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस पुढे येनानला गेले होते. काँग्रेसने १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले ते एक. जपानी फौजांशी लढणाऱ्यांच्या जखमा शिवता शिवता ९ डिसेंबर १९४२ला ते तिकडेच गेले, वय बत्तीस. गावात त्यांचं स्मारक आहे, शाळेची पोरं तिथे नेऊन मी धडा शिकवलेला आहे. आणि त्याच गावात माझा विद्यार्थी रात्री दिवा लावून झीरोच्या पोटाचा राखाडी किती पिवळा करायचा या चिंतेत बसलेला! तुमच्या खरेपणाची भूक मोठी आहे, पण ती रंगाच्या डब्यापाशी भागते, हे माझं म्हणणं आहे. विमान कुणावर गेलं, हा प्रश्न रंगाहून मोठा आहे की नाही?

हौशी : आहे. पण तुम्ही धरून चाललात की रंगाच्या मागे लागलेला माणूस त्या प्रश्नापर्यंत पोचत नाही. माझा अनुभव उलटा आहे. तुमच्या वर्गात मला कोटणीसांचा धडा होता, परीक्षेत चार गुण होते, लिहिलं आणि विसरलो. चुंगकिंगची तारीख मला झीरोमुळे कळली. पहिल्या तेरा विमानांवर खुणा कुठल्या, हे शोधताना त्या दिवशी खाली काय झालं तेही वाचावं लागलं. तेव्हा कोटणीस पुन्हा भेटले.

दुसरं असं की, सर, शत्रूचं विमान न बनवण्याने काय साधतं? फ्रॉग नावाची ब्रिटिश कंपनी होती. प्लॅस्टिकच्या किटांची सुरुवात तिने १९३६ साली केली. सत्तरच्या दशकात ती बुडाली, तिचे साचे सोव्हिएत रशियात गेले. पण जर्मन आणि जपानी विमानांचे साचे रशियनांनी घेतले नाहीत, ते रेव्हेल या कंपनीकडे गेले. रशियन मुलांच्या फळीवर मग फक्त आपल्या बाजूची विमानं. कुणाशी लढली? कुणाशीच नाही. याला मी विसरण्याची सोय म्हणतो. माझ्या फळीवर झीरोच्या शेजारी पहिल्या स्क्वाड्रनचं हरिकेन आहे, १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जनसिंगांच्या हाताखालचं. त्याच्या गोल खुणेत तांबडा ठिपका नाही. का नाही, ते विचारा. जपानी विमानावर तांबडा गोळा असतो, घाईत आपलीच माणसं आपल्याच विमानावर गोळी झाडतील म्हणून पूर्वेकडच्या विमानांवरचा तांबडा रंग काढून टाकला. नुसता निळा आणि फिका निळा ठेवला. ब्रश हातात घेऊन तो ठिपका न देताना या भीतीचा अर्थ मला कळला. पुस्तकात ते एक वाक्य असतं, मीही पूर्वी वाचून पुढे गेलो होतो.

संशयी : भीती कळली, ठीक. पण कुणाची? वैमानिकाची. तुझी सगळी सहानुभूती वर आहे, दहा हजार फुटांवर. आणि पुरावा पुरावा तू करतोस, पण तो पुरावाही वरचाच. बरं, ते राहू दे, तळपद्यांचं विमान का नाही करत? मराठी माणसाचं विमान, १८९५, गिरगाव चौपाटी. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. फळीवर शोभेल.

हौशी : तुम्ही मला चिडवताय. त्याची मापं द्या, उद्या सुरू करतो. पंख केवढा, शेपूट कुठे, वजन किती, त्या काळचा एक फोटो, एक आराखडा. काहीही नाही. उडाल्याची गोष्ट आहे, तीही बऱ्याच नंतर लिहिलेली. त्याला आधार म्हणून जे वैमानिक शास्त्र दाखवतात त्यातली यंत्रं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासली आणि ती उडण्यासारखी नाहीत असं स्वच्छ लिहिलं. आमच्या धंद्यातला नियम साधा आहे. ज्याचं माप नाही त्याचं मॉडेल नाही. अभिमानाने पंखाची जाडी ठरत नाही. म्हणून तर कधी कधी शत्रूचं घर गाठावं लागतं. ३ सप्टेंबर १९६५ला वैमानिक ट्रेव्हर कीलरांनी नॅटमधून सेबर पाडल्याचं आपण सांगतो. त्याच दिवशी आपला एक नॅट पाकिस्तानात पसरूरला उतरला. तो आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभा आहे, क्रमांक आयई १०८३. आपल्या पराक्रमाच्या विमानाच्या बारीकसारीक जागा बघायला मला त्यांच्या विजयचिन्हाचे फोटो लागतात. दोन्हीकडच्या फुशारक्या अशा ठिकाणी गळून पडतात. छंदाने मला एवढं तरी शिकवलं.

संशयी : तळपद्यांबाबत तुझं माझं एकमत आहे, ते सोडून दे. पण तुझा नियम तुलाच उलटा बसतो. ज्याचं माप नाही त्याचं मॉडेल नाही! मापं कुणाची असतात? कारखान्याची असतात. मित्सुबिशीने झीरोचा कागद काढला, खिळ्यापर्यंत मोजून. चुंगकिंगच्या ज्या घरावर बॉम्ब पडला त्याचा आराखडा कुणी ठेवला? त्या घराचं मॉडेल होणार नाही, तुझ्याच नियमाने. म्हणजे पुराव्याचा आग्रह निर्मळ वाटतो तेवढा निर्मळ नाही. ज्यांच्याकडे ड्राफ्ट्समन होता तेवढेच तुझ्या फळीवर येतात.

(हे लिहून काढणाऱ्याचं मत विचाराल तर इथे सरांचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र तो फक्त विमानांना लागू नाही. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही किल्ल्यांचे नकाशे असतात, किल्ल्याखालच्या झोपड्यांचे नसतात. सरांनी हे ओघात टाळलं.)

हौशी : ड्राफ्ट्समन म्हणालात ते बरं केलंत. विमान म्हटलं की लोक वैमानिकाचं नाव घेतात. मी ज्याच्याकडे बघतो तो फिटर असतो. रिव्हेटची ओळ कुठे वाकली, दार कुठे नीट बसलं नाही, पत्रा कुठे बदलला. मिग-२१ घ्या. ते आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला तयार झालं, एचएएलच्या कारखान्यात. किती मराठी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली! २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला त्याला निरोप दिला तेव्हा भाषणं वैमानिकांवर झाली, आणि ती व्हायलाच हवीत. पण १९७१ साली हीच चकचकीत रुपेरी मिगं लढाईच्या तोंडावर घाईघाईने हिरवी करावी लागली. तुकडीगणिक नमुना वेगळा. जमिनीवरच्या माणसांनी हाताला येईल त्या साधनाने रंग फासला. कुठे फटकारे दिसतात, कुठे खालचा पत्रा दिसतो. मी एअरब्रश बाजूला ठेवून ते विमान साध्या ब्रशने रंगवलं. ज्याचं नाव कुठेही नाही अशा माणसाचा हात मी गिरवत होतो. याला तुम्ही वरची सहानुभूती म्हणाल का?

संशयी : नाही, ही मला आवडली. आवडली म्हणून सोडणार नाही. त्याच हिरव्या मिगांनी १४ डिसेंबर १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर रॉकेटं मारली. पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नर मलिकांनी तिथल्या तिथे राजीनामा लिहिला. लढाई लवकर संपली, माणसं वाचली, हे मी वर्गात शिकवलेलं आहे आणि ते मला मान्यही आहे. पण त्याच मिगाने पुढे पन्नास वर्षं आपलीच किती पोरं खाल्ली? उडती शवपेटी हे नाव शत्रूने दिलेलं नाही. तुझ्या मॉडेलवर यातलं काय आहे? ब्रशचे फटकारे आहेत.

आणि हे एकास बहात्तर माप तरी कुठून आलं? १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळांना साद घातली, पाच लाख लाकडी मॉडेलं करून द्या. पोरांनी सुतारकामाच्या तासाला केली. पस्तीस फुटांवर टांगलेलं असं मॉडेल अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. कशासाठी? आपलं कुठलं, परकं कुठलं, हे क्षणात ओळखून गोळी झाडण्यासाठी. तुझा छंद नेम धरायच्या शिकवणीतून निघालेला आहे.

हौशी : तिथून निघाला नाही, तिथून गेला. ब्रिटनमध्ये स्कायबर्ड्सची लाकडी विमानं १९३२ पासून याच मापात होती. फ्रॉगचीही याच मापाची. खेळणं आधी होतं, युद्धाने ते उसनं घेतलं.

संशयी : मग तर जास्तच वाईट.

हौशी : कदाचित. पण परतही आलं ना! किट बनवणाऱ्यांची राजधानी आज कुठे आहे? जपानात, शिझुओकाला. तामिया तिथली, हासेगावा शेजारचीच. १९ जून १९४५च्या रात्री अमेरिकन बी-२९ विमानांनी ते शहर जाळलं. पुढच्याच वर्षी तामियाचा धंदा सुरू झाला, तोही लाकडाचा. आज त्याच गावातून अमेरिकन मस्टंगची, थंडरबोल्टची किटं निघतात, आणि जगात कुणी केली नसतील इतक्या प्रेमाने केलेली. ज्यांचं गाव विमानांनी बेचिराख झालं त्या माणसांना हे जमत असेल, तर सोलापुरातल्या माणसाने संकोच करावा असं काय आहे?

संशयी : तू त्यात क्षमा वाचतोस. मी व्यापार वाचतो. कदाचित दोन्ही असेल, कदाचित जळलेल्या गावाला विसरायची घाई असेल. शिझुओकाच्या माणसांना विचारल्याशिवाय तुला किंवा मला त्यांची साक्ष काढता येणार नाही. म्हणून मी तुझ्या टेबलावर परत येतो. मला खुपते ती एकच गोष्ट आहे, बाकीचं मी तुला माफ करीन. तू काजळी रंगवतोस.

हौशी : हो.

संशयी : विमान तयार झालं, रंग सुकला, खुणा पाण्यात भिजवून सरकवून लावल्या, की तू काळी पूड घेतोस आणि तोफेच्या तोंडामागे मऊ ब्रशने ओढतोस. गोळ्या झाडल्यावर धुराचा जो डाग राहतो तो. किती नाजूक करतोस! मागे जाताना तो फिका होत जातो, हवेने ओढल्यासारखा. मला तो डाग इतका सुंदर वाटला की मी दचकलो. त्या विमानावर तेवढीच एक खूण आहे जी सांगते, हे यंत्र कुणावर तरी चाललं. आणि तीच सगळ्यात देखणी. काही विमानांवर तर खिडकीखाली छोटे छोटे झेंडे असतात, एक पाडलं की एक झेंडा. त्याचेही छापील कागद मिळतात. एकेक झेंडा म्हणजे एकेक माणूस, तू चिमट्याने उचलून बसवतोस आणि कडेची हवा निघाली की नाही ते बघतोस.

हौशी : सर, याचं उत्तर मी खूप दिवस मनात घोळवलं आहे, तरी ते पुरेसं नाही हे आधीच सांगतो. काजळी लावली नाही तर काय होईल? विमान कारखान्यातून आताच बाहेर आल्यासारखं दिसेल. स्वच्छ, गोंडस. ते खरं खेळणं. त्याने कधी कुणाला मारलं नाही असं ते सांगेल, आणि ती सगळ्यात मोठी थाप होईल. नॅटच्या तोफा हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या कडेलाच असतात, तीस मिलिमीटरच्या दोन. त्या अडकायच्या, तशा तक्रारी १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत होत्या. म्हणजे काही नॅट काजळीशिवाय परत आले असतील, इच्छा असूनही. मी डाग लावताना हा विचार करतो. झाडली की नाही? किती झाडली? एका बाजूचीच अडकली का? काजळी ही माझ्या मॉडेलवरची कबुली आहे. ती देखणी होते हा माझ्या हाताचा दोष असेल. कुरूप काढू म्हणालात तर प्रयत्न करतो, पण मग तुम्हीच म्हणाल, काम बिघडलं.

संशयी : कबुली! कुणापुढे? कबुलीला ऐकणारा लागतो. बहात्तराव्या हिश्शात माणूस सव्वादोन-अडीच सेंटीमीटरचा होतो. वैमानिक तू बनवतोस, त्याच्या हातमोज्यांना वेगळा रंग देतोस. मग त्याच मापात खालचा माणूस का नाही? काजळीच्या दुसऱ्या टोकाचा? अडीच सेंटीमीटर प्लॅस्टिक वाचवण्यासाठी तर नाही.

हौशी : काही लोक तसं करतात. खाली जमीन बनवतात, पडकं घर, पळणारी माणसं. मी प्रदर्शनांत पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही. पळणाऱ्या बाईच्या पदराला घडी छान पडली आहे, असं शेजारचा माणूस म्हणत होता. विमानाचा डाग देखणा झाला म्हणून तुम्ही दचकलात. तिथे मरणच देखणं झालं होतं. खालचा माणूस मी गाळतो तो दुर्लक्षाने नाही. माझ्या हाताला जे येतं ते सगळं सुबक होतं, आणि त्या माणसाला मला सुबक करायचं नाही.

संशयी : हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. प्रामाणिक आहे. पण त्याचा हिशेब काय झाला, ते बघ. ज्याला सुबक करणं तुला पाप वाटतं तो फळीवर नाही. ज्याला सुबक करणं चालतं तो आहे. म्हणजे निवड तू केलीसच.

हौशी : केली. आणि नेहमी जमत नाही. एक खोकं मी अजून फोडलेलं नाही, सुखोई-७चं. १९७१ मध्ये आपल्याकडे ही विमानं जमिनीवरच्या लक्ष्यांवर पाठवत. पंखांच्या मुळाशी दोन तोफा, शेजारी रंग न दिलेला पोलादी पत्रा, कारण तोंडातून निघणारी आग रंग जाळते. खोकं एकच आहे, पण नुसतं सुखोई-७ असं मॉडेल होत नाही. अंगावर क्रमांक घालावा लागतो, म्हणजे एक विमान, एक दिवस. माझ्यापुढे दोन दिवस आहेत. ५ डिसेंबरला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे पाकिस्तानातल्या शोरकोटच्या धावपट्टीवर हल्ल्याला गेले आणि परतले नाहीत. युद्धकैद्यांत त्यांना कुणी पाहिलं, कुणी नाव वाचलं, पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कुणी नाही. बेपत्ता चोपन्न जणांच्या यादीत ते आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, पुढे आयुष्यभर शोध घेत राहिल्या. आणि १० डिसेंबरला दिलीप पारुळकरांचं सुखोई पडलं. ते कैद झाले. १९७२च्या ऑगस्टमध्ये सहकैदी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांना घेऊन रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली असताना लंडी कोतलला पकडले गेले, आणि वर्षअखेर सुटून घरी आले. तेच विमान, तेच युद्ध, मधे पाच दिवस.

संशयी : पारुळकरांचं कर. गोष्ट पुरी आहे, माणूस परत आला, बघणाऱ्याला सांगता येईल.

हौशी : म्हणूनच हात होत नाही. त्यांच्या गोष्टीवर पुस्तक झालं, सिनेमा झाला. तिला माझ्या प्लॅस्टिकची गरज नाही.

संशयी : मग तांब्यांचं. पण मग तुझ्या कबुलीचं काय? काजळी लावणार?

हौशी : लावावी लागेल.

संशयी : कशावरून? परत आलेल्या विमानाचीच काजळी कुणीतरी पाहिलेली असते. उतरल्यावर, फिटरने, पुसताना. पाच डिसेंबरला ते विमान धावपट्टीवर परत आलंच नाही. त्याच्या तोफा चालल्या की नाही, किती चालल्या, डाग केवढा पडला, हे बघितलेला एकही माणूस तुझ्या बाजूला नाही. पुरावा नाही. तुझा नियम तूच मघाशी सांगितलास.

हौशी : सकाळचं बनवता येईल. उड्डाणाच्या आधीचं, बॉम्ब लावलेलं, पत्रा स्वच्छ.

संशयी : म्हणजे गोंडस. ज्याने कधी कुणाला मारलं नाही आणि ज्याला कुणी मारलं नाही. त्याला तू थाप म्हणालास.

हौशी : आणि डाग लावला तर ते तळपद्यांचं विमान. ऐकीव.

संशयी : हो.

हौशी : इतिहास तुमचा विषय आहे सर. तुम्ही अशा जागी काय करता?

संशयी : आम्ही लिहितो, यापुढील माहिती उपलब्ध नाही, आणि पुढच्या धड्याकडे वळतो. आमची तेवढी सोय आहे, शब्दांत जागा रिकामी सोडता येते. तुला नाही सोडता येत. पंखाच्या मुळाशी तोफेच्या तोंडामागे नखाएवढा पत्रा आहे, तो स्वच्छ तरी असेल नाहीतर काळा तरी. तिसरा रंग मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर खोकं फोड, मी बघायला येतो.